प्लासिडची कवळी

१

चोराचं नाव गायब झालंय, हे दिनानाथ सुर्व्यांच्या लक्षात आलं ते मुलाशी फोनवर बोलताना. बाकी सगळं प्रकरण जागच्या जागी होतं. भुईगावातलं लग्नघर होतं, लाल कोटातले बँडवाले होते, नवरीच्या बापाची पेल्यातून नाहीशी झालेली कवळी होती, आणि चोर आपण शोधून काढला ही खात्रीसुद्धा होती. फक्त चोर कोण, त्या जागी पांढरं होतं. भिंतीवरचा फोटो काढल्यावर मागे चौकोन उरतो, तसं.

दिनानाथांनी उभा जन्म वसईत डिटेक्टिव्ह ब्युरो चालवला. ऑफिस पिठाच्या गिरणीच्या वर होतं, त्यामुळे अशिलं पायऱ्या चढून येईपर्यंत पांढरी झालेली असत. काम बहुतेक लग्नाआधीच्या चौकशांचं. मुलगा पितो का, नोकरी खरी आहे का, आधी कुठे जमलं होतं का. खून त्यांच्या वाट्याला आला नाही. वसईत खून होत नाहीत असं नाही, पण ते यांना कोणी आणून दिले नाहीत. प्लासिडची कवळी हे त्यांच्या कारकिर्दीतलं एकमेव गूढ. ब्युरो बंद करताना त्यांनी सगळ्या फायली जाळून टाकल्या, लोकांची गुपितं रद्दीवाल्याकडे जायला नकोत म्हणून. आता ती गुपितं फक्त त्यांच्या डोक्यात होती, आणि डोकं अलीकडे कुलूप न लावता बाहेर जात होतं.

एव्हरशाईन सिटीतल्या फ्लॅटमध्ये ते एकटे राहत. बायको, मीरा, गेल्यापासून घरात बोलणं असं नव्हतंच. मोबाइल सापडेना की ते लँडलाइनवरून त्यावर फोन करत. सापडला की उचलत, आणि दोन्ही कानांना दोन फोन लावून थोडा वेळ थांबत.

मुलगा जितेंद्र पुण्यात. त्याचं म्हणणं सरळ होतं. बाबांनी गॅस चालू ठेवला, एकदा नाही, बऱ्याचदा. बाबा चुकून शेजारच्या बिल्डिंगमध्ये त्याच मजल्यावर गेले आणि परक्या दाराला आपली किल्ली लावत बसले. त्यावर दिनानाथांचा खुलासा असा होता, की तिथल्या बाईंनी आत बोलावून पोहे दिले, पोहे चांगले होते, आणि दुसऱ्यांदा ते गेले ते मुद्दाम गेले. जितेंद्रला हा खुलासा पहिल्या चुकीपेक्षा वाईट वाटला होता. पुण्यात एक संस्था आहे, बाग आहे, डॉक्टर आहेत. फ्लॅट विकायचा. विकण्याचं काम स्टॅनी अंकल करतील, त्यांचा धंदाच तो.

"मला तीस वर्षांपूर्वीचं सगळं आठवतं," दिनानाथ म्हणाले.

"मग सांगा. कवळी कोणी चोरली?"

लहानपणी झोपताना जितेंद्र हाच प्रश्न विचारायचा. तेव्हा दिनानाथ म्हणायचे, ते गुपित आहे. या वेळी त्यांनी फोन नुसता या कानावरून त्या कानावर घेतला.

जितेंद्र म्हणाला, रविवारी येतो. स्टॅनी अंकलही येतील. ते तर त्या लग्नातले नवरदेवच, त्यांना चोर माहीत आहे असं ते नेहमी सांगतात. त्यांच्यासमोर नाव सांगा. बरोबर निघालं तर फ्लॅटचा विषय मी पुन्हा काढणार नाही.

फोन ठेवून दिनानाथ आठवायला बसले. कवळी कुठे सापडली, इथून सुरुवात केली तर चोरापर्यंत जाता येईल असं त्यांनी ठरवलं. अडचण अशी होती, की त्यांच्या आठवणीत ती तीन ठिकाणी सापडत होती. एकदा विहिरीत. एकदा बँडवाल्यांच्या मोठ्या ढोलात. कवळी तर एकच होती.

मेंदूच्या डॉक्टरांना त्यांनी या दोन जागा सांगितल्या होत्या. तिसरी सांगितली नव्हती. तिसऱ्या आठवणीत परसात एक डुक्कर उभं होतं, आणि ते त्यांच्याकडे बघून माणसासारखं हसत होतं.

२

भुईगावच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले आणि उतरायचं ठिकाण कंडक्टरला आधीच सांगून ठेवलं. घर ओळखू आलं, कारण वाडी तशीच होती. मागे केळी, कुंपणाला जास्वंद, दारासमोर क्रूस. आजूबाजूला सगळीकडे बंगले झाले होते, त्यामुळे ती वाडी फोटोत कोणीतरी कापायची विसरल्यासारखी दिसत होती.

दार अँजेलाने उघडलं. प्लासिडची थोरली मुलगी. तेव्हा तिशीची, लग्न न झालेली. आता साठीची, आणि लग्न अजूनही न झालेली. वाडी तीच सांभाळत होती. प्लासिड जाऊन वर्षं झाली होती. घरात दुसरं माणूस म्हणजे त्याची बहीण सालोमी, नव्वदीला टेकलेली, आतल्या खोलीत खाटेवर.

"सुर्वेसाहेब, कोणाचं लग्न जमवताय या वयात?" अँजेला म्हणाली.

त्यांनी खरं कारण सांगितलं नाही. जुन्या केसेस पुन्हा तपासतोय, एवढंच म्हणाले. अँजेलाला ते विचित्र वाटलं नाही. म्हातारे लोक काय काय करतात हे ती रोज घरात बघत होती.

तिने सगळं नीट सांगितलं. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी उंबराचं पाणी असतं. बँड लावून सगळं गाव उंबराजवळच्या विहिरीवर जातं, घरची बाई डोक्यावरून कळशी आणते आणि त्या पाण्याने बायका नवरीला आंघोळ घालतात. नवरी, म्हणजे धाकटी कॅथरिन, तेवढा वेळ घरीच बसते. प्लासिडची कवळी नवी होती, हिरड्यांना लागायची. तो ती फक्त दुसऱ्या दिवशीच्या भाषणासाठी जपत होता. निघण्याआधी त्याने ती पुढच्या खोलीत, येशूच्या आल्तारापाशी, म्हणजे देव्हाऱ्यापाशी, पेल्यात काढून ठेवली. परत आल्यावर पेल्यात नुसतं पाणी. त्याच रात्री त्याने दिनानाथांना बोलावणं पाठवलं होतं.

बिनदाताचं भाषण करायला प्लासिड तयार होईना. लग्नाच्या जेवणात तो ओठ मिटून बसला. वरपक्षाला वाटलं, काहीतरी बिनसलंय. आणि भाषणात तो काय बोलणार होता, ते सगळ्यांना ठाऊक होतं. ही वाडी मी जावयाला देतो, असं गावासमोर जाहीर करणार होता. गावासमोर दिलेला शब्द मागे घेता येत नाही. स्टॅनीने तर बोर्डसुद्धा रंगवून आणला होता: कॅथरिन बीच रिसॉर्ट. भाषण झालं नाही. प्लासिडला विचार करायला वेळ मिळाला, आणि आठवडाभरात त्याचा विचार बदलला.

"म्हणजे फायदा तुमचा झाला," दिनानाथ म्हणाले.

"झालाच. सगळ्यात सोयीची चोर मीच होते." अँजेलाने हे इतक्या सवयीने सांगितलं, की ती ते बऱ्याचदा ऐकून बसली असावी. "पण कळशी माझ्या डोक्यावर होती, साहेब. जाताना आणि येताना. मागे अख्खं गाव."

दिनानाथांनी बाकीचे एकेक करून पुढे ओढले. सालोमी? ती सगळ्यांच्या पुढे गाणी म्हणत होती. त्या गाण्यांचे शब्द दुसऱ्या कोणाला येतच नव्हते; ती मध्येच गायब झाली असती तर मिरवणूक मुकी झाली असती. प्लासिड स्वतः? भाषण टाळायला? तो बँडमास्तरच्या खांद्यावर हात टाकून चालत होता, भाषण पाठ म्हणत. स्टॅनी त्याच्या गावी, त्याच्या घरी, त्याच्या वाटच्या विहिरीचं पाणी अंगावर घेत होता.

सगळे निर्दोष निघाले. अशी केस चांगली नसते.

"फुगे मात्र त्या दिवशी चपटे होते," दिनानाथ सहज म्हणाले. लग्नात जेवणाबरोबर ते गोल, हलके तळलेले फुगे असतात. त्यांना आठवत होते ते नाण्यासारखे.

अँजेला थांबली. "हे तुम्हाला आठवतंय?" मग तिने आवाज खाली आणला. "आत्यासमोर नका काढू. तिला अजून राग आहे."

एक आठवण खरी निघाली होती. दिनानाथ लगेच उठले आणि आत्यासमोर ती काढायला गेले.

३

सालोमीने त्यांना ओळखलं नाही, पण फुगे म्हटल्यावर ती उठून बसली.

तिचं म्हणणं असं, की तिच्या हातचे फुगे जन्मात चपटे झाले नाहीत. त्या संध्याकाळचं पीठही ताडी घालून छान फुगलं होतं. टोपाच्या काठावर आलं होतं. मिरवणुकीहून येऊन, नवरीची आंघोळ उरकून ती तळायला घेणार, तर पीठ बसलेलं. मध्ये खड्डा.

"कोनीतरी हात घातला. कोपरापर्यंत," ती म्हणाली. "असलं पीठ मी लग्नाला वापरीन? मागं नेऊन ओतलं. नवीन मळलं, त्याला फुगायला वेळच नाय मिळाला. आनि नाव माझं गेलं."

स्वयंपाकघरात तेव्हा कोण होतं, असं दिनानाथांनी विचारलं. त्यांच्या आठवणीत टोप चुलीजवळ होता, स्पष्ट, वर ओलं फडकं घातलेलं.

म्हातारीने त्यांच्याकडे कीव करत पाहिलं. स्वयंपाकघरात धूर, माणसं, दारं उघडी. पीठ तिथे कोण ठेवतं? या घरात लग्नाचं पीठ नवरीच्या खोलीत झोपवतात. तिच्या खाटेवर, गोधडीत गुंडाळून, दार लावून. नवरीला कुठे जायचं नसतंच, ती राखण करते.

दिनानाथांनी हे डोक्यात बाजूला ठेवलं. त्यांना वेगळंच काही विचारायचं होतं, आणि ते विचारायची लाज वाटत होती. अँजेला बाहेर आहे याची खात्री करून ते खाटेजवळ वाकले.

"सालोमीबाई, तुमच्याकडे तेव्हा एक डुक्कर होतं का?"

"व्हता."

"ते..." दिनानाथांना वाक्य पुरं करता येईना. असं वाक्य पुरं करणाऱ्या माणसाचा फ्लॅट विकायलाच हवा, असं त्यांनाही वाटलं.

सालोमीने त्यांच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. मग तिच्या चेहऱ्यावर ओळख आली.

"हसत व्हता ना?" ती म्हणाली.

४

त्या डुकराला कानाला धरून दिनानाथांनीच पकडलं होतं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, परसात, ते आणि सालोमी दोघंच असताना. ओतलेलं पीठ खाताना कवळी त्याच्या तोंडात अडकली होती, आणि बरोबर बसली होती. सालोमीने ती राखेने घासली, धुतली आणि भावाला सांगितलं, विहिरीत सापडली. भावाला काय सांगणार होती, तुझे दात डुकराने घातले म्हणून? ढोलाची गोष्ट बँडवाल्यांनी पुढच्या लग्नांतून पसरवली. प्लासिडने ती कवळी मरेपर्यंत वापरली.

दिनानाथांना डोळे पुसावे लागले. सालोमीला वाटलं, ते प्लासिडसाठी रडतायत. ते डुकरासाठी होतं. एवढे दिवस ते जनावर त्यांच्या डोक्यात एकटंच उभं राहून हसत होतं, आणि ते खरं होतं.

मग ते समुद्रावर गेले, सुरूच्या झाडांखाली एका बाकावर बसले. पूर्वी केस जुळत आली की ते मीराला समोर बसवून सगळं मोठ्याने मांडायचे. मीरा तांदूळ निवडत असायची. मध्येच "बरं मग?" म्हणायची, आणि त्या "बरं मग"मुळे पुढचं सुचायचं. आता त्यांनी बाकाच्या रिकाम्या अर्ध्या भागाला सांगायला सुरुवात केली. शेजारून जाणारं जोडपं जरा लांबून गेलं.

कवळी पिठात होती. का? लपवायची असती तर बाहेर विहीर आहे, वाडी आहे, पाच मिनिटांवर समुद्र आहे. कोणीही ती कमरेला खोचून नेली असती आणि फेकली असती. चांगलं फुगलेलं, दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं पीठ कोण नासवेल? ज्याला दुसरी जागाच नाही तोच.

"बरं मग?" दिनानाथ स्वतःच म्हणाले. आवाज अगदीच वेगळा वाटला.

मग खोलीत कोण होतं ते बघ. सगळं गाव विहिरीवर. नवरी घरात एकटी. ती पुढच्या खोलीत येते, पेल्यातून कवळी काढते, आणि तेवढ्यात बँड वळणावर ऐकू येतो. आता तिने खोलीबाहेर दिसायचं नाही. आणि घटकाभरात गावच्या बायका आत येणार, तिच्या अंगावरचे कपडे उतरवणार, तिला आंघोळ घालणार, नवे नेसवणार. उशी हलवणार, पेटी उघडणार. जिच्या अंगावर स्वतःची गाठसुद्धा राहणार नाही, तिने मूठभर दात कुठे ठेवायचे? खोलीत न हलवण्यासारखी एकच वस्तू. गोधडीत गुंडाळलेली.

कॅथरिन. नवरी स्वतः.

हे त्यांना आठवलं नव्हतं. हे त्यांना दुसऱ्यांदा सापडलं होतं. रविवारी तो फरक कोणाला कळणार नव्हता. घर वाचलं होतं. मग त्यांच्या मनात आलं, की नाव कळूनही आपण तेव्हा ते कोणालाच का सांगितलं नाही?

५

शनिवारी सकाळी कॅथरिन मासळी घ्यायला पाचूबंदरला येते, हे अँजेलाने सांगितलं होतं. लिलाव उरकत आला होता. ती बोंबलांच्या ढिगापाशी वाकून कोळणीशी भाव करत होती. केस पांढरे, हातात अजून हिरव्या बांगड्या.

दिनानाथ तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले. "कवळी पिठात होती," ते म्हणाले.

तिने मान वळवली नाही. एक बोंबील उचलला, नाकाशी नेला, परत ठेवला.

"तुम्ही म्हनाला होतात, विसरून जाईन."

"विसरलो होतो."

"मग पुन्हा कशाला शोधलंत?"

त्यांनी फ्लॅटचं सांगितलं, पुण्याच्या संस्थेचं, बागेचं, उद्याच्या रविवारचं. ऐकताना ती पिशवी उगाच घडी करत राहिली. तिने काही कबूल करावं असं उरलं नव्हतं, पण ती बोलली, कारण ही गोष्ट ज्याच्याशी बोलता येईल असा माणूस तिला तीस वर्षांत भेटला नव्हता.

तिला नवरा हवा होता, त्याचा बोर्ड नको होता. वाडी गेली असती तर अँजेला कुठे गेली असती? स्टॅनीला समोरासमोर सांगून पाहिलं होतं, तो हसला होता. बापाला सांगितलं, तो भाषण पाठ करत होता.

"स्टॅनीला वाटतं अँजेलानं केलं," ती म्हणाली. "तवापासून त्यानं तिचा उंबरा चढला नाय. सनाला मी एकटी जाते. तो येता-जाता तिला चोर म्हनतो."

"आणि तुम्ही?"

"मी त्याला जेवायला वाढते, साहेब. तीस वर्षं तो माझ्या बहिनीला शिव्या देत जेवतोय आनि मी वाढतेय. उद्या कळलं, तर तो माझ्या हातचं जेवेल काय?"

उद्या काय सांगणार, असं तिने एकदाच विचारलं. तिने विनवलं नाही. बोंबलांचा एक वाटा त्यांच्या हातात दिला आणि निघून गेली.

घरी येऊन त्यांनी ते बोंबील ओट्यावर ठेवले. साफ कसे करायचे ते त्यांना माहीत नव्हतं. ते विसरले नव्हते. त्यांना ते कधीच येत नव्हतं.

६

रविवारी जितेंद्र आला, आणि पाठोपाठ स्टॅनी, हातात मोजायचा टेप घेऊन. स्टॅनी मोकळा माणूस. आल्या आल्या त्याने दिनानाथांना मिठी मारली, हॉल चांगला मोठा आहे म्हणाला, आणि बोलता बोलता टेपचं एक टोक खिडकीच्या चौकटीला लावलं.

जितेंद्र खुर्ची ओढून समोर बसला. प्रश्न विचारताना त्याचा आवाज परीक्षकासारखा नव्हता. निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखा होता. "बाबा, आठवलं?"

दिनानाथांनी स्टॅनीकडे पाहिलं. टेप हातात तसाच धरून तोही थांबला होता. तीस वर्षं जी गोष्ट तो सगळ्यांना सांगत आला, तिच्यावर आज शिक्का पडणार होता.

"अंकल, मी मदत करू काय?" स्टॅनी म्हणाला. "थोरली ना? अँजेला. नुसतं हो म्हणा."

नुसतं हो. मग टेप आत जाणार होता, जितेंद्र हसणार होता, फ्लॅट राहणार होता. मीराच्या कुंड्या, शेजारच्या बिल्डिंगमधले पोहे, सगळं. बरोबर नाव सांगितलं तर ते चुकीचं ठरणार होतं, किंवा त्याहून वाईट, खरं ठरणार होतं. चुकीचं नाव मात्र शंभर टक्के बरोबर होतं.

"आठवत नाही," दिनानाथ म्हणाले.

जितेंद्रने मान खाली घातली. त्याला जिंकायचं नव्हतं, हे दिनानाथांना तेव्हा कळलं, आणि ते कळून आणखी वाईट वाटलं.

"काहीच नाही?" स्टॅनीने विचारलं. "अँजेला होती की नव्हती, एवढं तरी?"

"अँजेला नव्हती. तेवढं आठवतं."

"मग कोण होतं?"

"ते आठवत नाही."

स्टॅनी हसायला गेला, पण हसू पुरं झालं नाही. ज्याला गॅस आठवत नाही त्याच्या शब्दाला किती धरायचं, हे तो ठरवत असावा. टेप त्याच्या हातातून सुटून खर्रकन आत गेला. मग त्याने उरलेल्या खोल्या मोजल्या, पण न बोलता. निघताना चपला घालताना म्हणाला, "खरंच नव्हती?" आणि उत्तराची वाट न बघता जिना उतरला. लिफ्ट समोर उभी होती.

जितेंद्र उठला, बाबांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तुम्ही बसा, चहा मी करतो, म्हणून आत गेला. डबे उघडल्याचे, बंद केल्याचे आवाज आले. पुण्याला न्यायला तसं फारसं सामान नव्हतं. दिनानाथांना या क्षणी सगळं लख्ख आठवत होतं, मीराचं "बरं मग"सुद्धा, अगदी तिच्या आवाजात.

"बाबा," आतून जितेंद्रने विचारलं, "साखर किती घेता तुम्ही?"

पंधरा वर्षांपूर्वी मधुमेह निघाला त्या दिवसापासून दिनानाथांनी साखरेचा कण घेतला नव्हता, आणि त्या दिवशी डॉक्टरांकडे त्यांच्यासोबत जितेंद्रच होता. ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं. मग त्यांच्या ध्यानात आलं, की आपण आता विसराळू आहोत.

"दोन चमचे," ते म्हणाले.